थांबायचे पैसे कोण देणार?

गेल्या पाच महिन्यांत शंभर जणांनी तरी विचारलं असेल, "काय पत्रकार, दिसत नाहीत कुठं? पेपर सोडला काय?" कुणी म्हणालं, पुण्याला गेले. एकानं तर मी येणाऱ्या जिल्हा परिषदेला उभा राहणार आहे, म्हणून आतापासूनच कुणाविरुद्ध लिहीत नाही, असंही पसरवलं. तसं काही नाही मित्रांनो. कंबरेचं दुखणं आहे. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्यात हे पाच महिने गेले, आणि ते ठरवताना जे जे दिसलं त्यावर ही पोस्ट आहे. मोठी आहे, सवडीनं वाचा. माझ्या तब्येतीच्या चौकशीसाठी लिहीत नाही (ती तुम्ही करताच, आभार). कारण वेगळं आहे, ते पुढं येईल.

फेब्रुवारीत सुरू झालं. धारूरचा घाट उतरून तेलगावला एका बातमीसाठी गेलो होतो, परत येताना कंबरेत उसण भरल्यासारखं झालं. वाटलं दोन दिवसांत जाईल. चौथ्या दिवशी कंबर मोकळी झाली आणि दुखणं डाव्या पायात उतरलं. ढुंगणापासून निघायचं, मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत. हा साधा ठणका नव्हता. विजेचा शॉक बसावा तसा खटका. शिंकलं की खटका, खोकलं की खटका, संडासला बसलं की खटका. उभं राहिलं तर बरं, चाललं तर त्याहून बरं, पण बसलं की दहा मिनिटांत पोटरीला मुंग्या. आणि पत्रकाराचं निम्मं काम बसून असतं, उरलेलं मोटारसायकलवर.

ग्रामसभा मी उभ्यानं कव्हर केल्या. एका पत्रकार परिषदेत पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो, तर साहेबांना वाटलं मी कसला तरी निषेध नोंदवतोय. बातम्या पोटावर झोपून मोबाईलवर टाईप केल्या. रात्री दोनला उठून अंगणात चकरा मारायचो, कुत्रीसुद्धा ओळखीची झाली. सगळ्यात वाईट म्हणजे हे दुखणं बाहेरून दिसत नाही. हाताला प्लास्टर असतं तर लोक उठून जागा देतात. इथं माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळं पहिल्या महिन्यात सहानुभूती, दुसऱ्या महिन्यात सल्ला आणि तिसऱ्या महिन्यात शंका. बायको एक दिवस म्हणाली, "अहो, तुमचं दुखणं बातमीसारखं झालंय, रोज फॉलोअप, निकाल काहीच नाही."

सल्ल्यांचं विचारू नका. एरंडेल तेल, निर्गुडीचा शेक, पट्टा, फळीवर झोपा, उशी घेऊ नका, दोन उशा घ्या. कुठल्या तरी गावात मणका बसवणारा आहे म्हणून सहा जणांनी सहा वेगवेगळी गावं सांगितली. मी गेलो नाही. नस दबलेली असताना कुणी पाठीवर गुडघा देऊन कडकन वाजवणार, ह्याला माझी तयारी नव्हती. गल्लीतल्या मावशी मात्र ऐकेनात. त्यांचा नातू पायाळू, पाच वर्षांचा. त्याला धरून आणलं. मी पालथा झोपलो, त्यानं कंबरेला एक लाथ हाणली आणि लाजून पळून गेला. फरक काही पडला नाही, पण पाच महिन्यांत फुकट झालेला उपचार तेवढाच.

मार्चमध्ये एमआरआय काढला. साडेसहा हजार. आपल्या भागात मणक्याच्या प्रत्येक आजाराला एकच नाव आहे, "गॅप". गॅप पडलाय, गॅप भरून येतो का, गॅपचं ऑपरेशन. खरं तर दोन मणक्यांच्या मधे एक चकती असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडं जाणाऱ्या नसेला लागतो. माझ्या कंबरेतल्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मधली चकती अशी बाहेर आलेली आहे. जागा कंबरेत, बोंब पायात. यालाच सायटिका म्हणतात.

फिल्म घेऊन मोठ्या शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच हॉस्पिटलचा नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. पायाला हात लावला नाही. "ऑपरेशन करावं लागेल. याच आठवड्यात करून टाकू. उशीर केला तर पाय जाऊ शकतो." सहा-सात मिनिटांत विषय संपला. बाहेर टेबलावरच्या पोरानं नाव विचारायच्या आधी विचारलं, "रेशनकार्ड आणलंय का? योजनेत बसवू, एक रुपया लागणार नाही."

आता इथं जरा थांबून योजनेविषयी सांगितलं पाहिजे, कारण गैरसमज नको. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढं सगळ्या राज्यात आली, २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं आहे आणि रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी चालतो. माझ्या ओळखीची कित्येक माणसं हिच्यामुळं जिवंत आहेत. बायपास, डायलिसिस, कॅन्सर. आरोग्यमित्रांच्या टेबलापुढं हात जोडून उभी राहिलेली माणसं मी बघितली आहेत आणि काम झाल्यावर रडलेलीही. तेव्हा या योजनेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण तिचा एक स्वभाव मला माझा पाय दुखायला लागल्यावरच कळला. तुम्ही दाखल झालात, पोट कापलं, मणका उघडला, की योजना पैसे देते. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, मी चार महिने औषध-व्यायामावर थांबून बघतो," तर त्या थांबण्याला ती एक रुपया देत नाही. गोळ्या तुमच्या, फिजिओथेरपी तुमची, एसटीचं तिकीट तुमचं, बुडालेला रोज तुमचा.

मी त्या दिवशी सही न करता परत आलो. दुसरीकडं दाखवलं. हे डॉक्टर जरा वेगळे निघाले. फिल्म बाजूला ठेवली आणि मला टाचेवर चालायला लावलं, मग चवड्यावर. झोपवून पाय सरळ वर उचलला (तेव्हा मी आईची आठवण काढली). अंगठा वर धरा म्हणाले आणि स्वतःच्या बोटानं खाली दाबून ताकद बघितली. म्हणाले, "अंगठा थोडा कमजोर आहे, पाऊल पडलेलं नाही. तुम्ही थांबू शकता. बऱ्याच जणांचा बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं."

मग त्यांनी एक गोष्ट तीनदा बजावली, ती मी तुम्हाला बजावतो. लघवी अडली किंवा कळायची बंद झाली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल लोंबायला लागलं, चप्पल पायातून आपोआप निसटायला लागली, तर विचार करायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं. तिथं तासांचा हिशोब असतो. गाडी नाही, उद्या सकाळी बघू, हे तिथं चालत नाही. बाकी नुसतं दुखणं कितीही असह्य असलं तरी ठरवायला वेळ असतो.

त्यांनी काही अभ्यासांची नावं लिहून दिली. मी घरी येऊन नेटवर शोधले. पत्रकारितेच्या पदविकेत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण पालथं पडून माणूस दुसरं करणार काय. १९९४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. ज्यांची कंबर कधी दुखलेली नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांची निदान एक चकती फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांची बाहेर आलेली. म्हणजे नुसत्या फिल्मवर ऑपरेशन ठरवायचं म्हटलं तर या पोस्टच्या वाचकांपैकी निम्मे लोक उद्या टेबलावर जातील, काही न दुखता.

दुसरा नेदरलँड्सचा, २००७ चा. सहा ते बारा आठवडे सायटिकानं हैराण झालेले २८३ रुग्ण. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबा म्हणाले, फारच झालं तर करू. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला, यात शंका नाही. पण वर्षानंतर दोन्ही गटांची तब्येत जवळपास सारखी होती, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलं. उरलेल्यांना वर्षभरात लागलंच नाही.

वाचून मला एकदम हुरूप आला. म्हटलं, बघा, थांबणं शास्त्रीय आहे. मग लक्षात आलं की त्या देशात मालकानं आजारी कामगाराला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यायचा, असा कायदा आहे. तिथला माणूस पलंगावर पडून "बघू जरा थांबून" म्हणतो तेव्हा त्याच्या घरातली चूल पेटत असते. हे मी वाचलं आणि मला आपल्या इथले एक मामा आठवले. हीच ती गोष्ट, जिच्यासाठी ही पोस्ट लिहितोय.

मामा ऊसतोड करतात. नाव-गाव लिहीत नाही. वय माझ्याइतकंच, पण त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांचा पायही असाच, उजवा. ज्यांनी ऊसतोड जवळून बघितलीय त्यांना सांगायला नको. दिवसभर कंबरेत वाकून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन हालणाऱ्या फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री आली तर रात्री. माझी कंबर मोटारसायकलनं गेली म्हणताना मला मामांसमोर लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी पट्टा पडल्यावर मामा गावी आले ते पाय ओढतच. त्यांनाही डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन. मी मामांना माझ्या अभ्यासाची हुशारी सांगत होतो, थांबलं तरी बऱ्याच जणांचं बरं होतं वगैरे. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रकार सायेब, माझा पाय थांबंल वो. मुकादम थांबतो का?"

दिवाळीच्या आधी उचल घेतलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक कोयता अर्धा झाला तर उचल फिटत नाही, फिटली नाही तर पुढच्या वर्षी आणखी कर्ज. मामांच्या हातात जून ते ऑक्टोबर एवढीच खिडकी होती. व्यायाम करत थांबले आणि ऑक्टोबरात बरं नाही झालं, तर? ऑपरेशन मात्र योजनेत होत होतं आणि तारीख पक्की होती. त्यांनी जूनमध्ये करून घेतलं. पायातला खटका गेला, हे ते स्वतः सांगतात. कंबर मात्र दुखतेच, कारण हे ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, कंबरदुखीसाठी त्याचा तेवढा भरवसा नसतो. हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि दिवाळीनंतर ते पुन्हा फडात होते, मोळ्या उचलत.

मामांचा निर्णय चुकला, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण तो निर्णय मणक्याकडं बघून झाला नाही, हंगामाकडं बघून झाला.

बीड जिल्ह्यात राहून हे लिहितोय आणि पिशवीचा विषय काढला नाही तर ते खोटं होईल. २०१९ च्या उन्हाळ्यात दिल्ली-मुंबईचे पत्रकार आपल्या गावागावांत फिरत होते, तुम्हाला आठवत असेल. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही बातमी तेव्हा देशभर गेली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशीतल्या, काही त्याच्याही आतल्या.

तेव्हा मी बाहेरच्या पत्रकारांना गावं दाखवत हिंडत होतो. एका ताईंचं बोलणं अजून कानात आहे. पाळीत पोटात दुखायचं, अंगावरून जायचं, कामावर खाडा पडायचा. खाडा पडला की पैसे कापले जायचे. डॉक्टर म्हणाले, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. "मग कशाला ठेवायची? दोन लेकरं झाली होती." त्यांना सोनोग्राफीशिवाय कुठलीच तपासणी आठवत नव्हती. गोळ्यांनी किंवा दुसऱ्या उपायानं बरं होऊ शकतं, हे कुणी बोललंच नव्हतं. ऑपरेशननंतर कंबर, टाचा, सांधे दुखायचे. त्याला औषध विचारत होत्या. मला.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी बातम्या केल्या त्या "लुटारू डॉक्टर" अशा. लुटारू होते, नाही असं नाही. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत पिशवी काढायची नाही, असा नियम आला, तो बराच उपयोगी पडला. पण आता पालथं पडून विचार करताना वाटतं, त्या बातमीतला "खाडा" हा शब्द आपण फार लवकर ओलांडून पुढं गेलो. दुखणं सहन करत उपाय शोधायला जो वेळ लागतो, त्या वेळेला त्यांच्याकडं दंड होता. मामांकडंही दंडच आहे, नाव उचल.

माझ्याकडं काय होतं? बायको अंगणवाडी सेविका आहे, तिच्या मानधनावर घर रेटलं. पेपरनं फोनवरून बातम्या घेतल्या. धाकट्या भावानं मोटारसायकल चालवली, मी मागं उभ्यानं बसल्यासारखा बसलो. फिजिओथेरपीसाठी अंबाजोगाई गाठायचं, आडसमार्गे, जाऊन-येऊन अर्धा दिवस. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाची माझ्या मणक्यात नोंद आहे. या पाच महिन्यांत एमआरआय, गोळ्या, व्यायाम, गाडीभाडं धरून ३४ हजार गेले, जाहिरातीचं कमिशन बुडालं ते वेगळं. थांबणं हे फुकटचं नाही. मी ते विकत घेतलं, कारण मला थोडंफार परवडलं.

आणि त्या विकत घेतलेल्या वेळात मी काय केलं, तर प्रश्न विचारले. दुसऱ्या डॉक्टरांकडं चार वेळा गेलो. ऑपरेशननं नेमकं काय कमी होईल, पायाची कळ की कंबर की मुंग्या? (कळ बहुतेक जाईल, मुंग्या आणि बधिरपणा रेंगाळू शकतो, कंबरेची खात्री नाही.) पुन्हा तीच चकती बाहेर यायची शक्यता किती? (शंभरात पाच ते पंधरा.) नुसता गर काढणार की स्क्रू टाकणार? हा प्रश्न जरूर विचारा, कारण दोन्ही ऑपरेशनं सारखी नाहीत, खर्च सारखा नाही आणि परिणामही सारखे नाहीत. माझ्यात स्क्रूची गरज नाही, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. नाही केलं तर काय होईल? तुम्ही स्वतः महिन्याला अशी किती करता? शेवटच्या प्रश्नावर ते हसले, पण उत्तर दिलं.

असे प्रश्न विचारले की आपल्याकडं "लई शिकलेला दिसतोय" म्हणतात. पण हा आगाऊपणा नाही, हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की, उपचार काय, कशासाठी, दुसरा पर्याय काय, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला कळेल असं सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. आणि ते प्रकरण कशाचं होतं? तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या एका स्त्रीची गर्भपिशवी आणि अंडाशय तिला न विचारता काढल्याचं. आपल्याकडं मात्र संमतीपत्र इंग्रजीत चार पानांचं असतं, आणि नर्स बोट ठेवून सांगते, "इथं सही, इथं सही, इथं नातेवाइकाची." मी मराठीत मागितलं. मिळालं. म्हणजे होतं त्यांच्याकडं, कुणी मागत नव्हतं एवढंच.

आता माझा निर्णय. मी ऑपरेशन करतोय.

वरचं सगळं वाचून काहींना वाटलं असेल, हा नाहीच म्हणणार. तसं नाही. दहापैकी नऊ असलेलं दुखणं मे महिन्यापर्यंत सहावर आलं आणि तिथंच बसलं. अंगठा अजून कमजोरच. नसांच्या गोळीनं दिवसभर गुंगी असते. आणि त्या अभ्यासांमध्ये शेवटचा एक होता, कॅनडाचा, २०२० चा. चार ते बारा महिने सायटिका चाललेले १२८ रुग्ण. त्यांच्यात मात्र सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं दुखणं थांबलेल्यांपेक्षा बरंच कमी होतं. म्हणजे मार्चमध्ये थांबणं बरोबर होतं आणि आता जुलैत आणखी थांबण्यात फार अर्थ नाही, असं मी आणि डॉक्टर दोघांनी मिळून ठरवलं. भीती वाटते का? वाटते. पाठीवर कापणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही. पण सहा मिनिटांत ठरलेल्या गोष्टीची जी भीती मार्चमध्ये वाटत होती, ती ही नाही.

ऑपरेशन योजनेतूनच होणार आहे. पाच महिन्यांच्या थांबण्याचे ३४ हजार मात्र माझ्या खिशातून गेले. जिथं जास्त खर्च आहे तिथं सरकार उभं आहे, आणि जिथं थोड्या पैशात कदाचित तो मोठा खर्चच वाचला असता तिथं कुणी नाही. मला हे उलटं वाटतं. प्रत्येक तालुक्याच्या गावात आठवड्यातून तीन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, त्याचा खर्च याच योजनेतून व्हावा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. आजारपणात एका हंगामाची उचल गोठवायची आणि घरी थांबलेल्याला काही रक्कम द्यायची, एवढं त्या महामंडळानं केलं तरी मामांसारख्या माणसाला डॉक्टरला "जरा थांबतो" म्हणता येईल. गाळपाच्या हंगामाच्या तोंडावर मुकादम, कारखाने आणि पुढारी बैठकांना बसतात, दरवाढीवर बोलतात. यंदा हा मुद्दा कुणीतरी तिथं मांडा. मी मांडणार होतो, पण तेव्हा मी उताणा असेन.

तारीख १२ ऑगस्ट. त्यानंतर सहा आठवडे मोटारसायकल बंद, वाकणं बंद, वजन उचलणं बंद. भेटायला घोळक्यानं येऊ नका, एकेक जण या, आणि केळी आणू नका, मधुमेह आहे. बातम्या थांबणार नाहीत. घाटात ट्रक अडकला, गावात डीपी जळाला, शाळेत मास्तर नाही, तर फोटो पाठवा. फोटोबरोबर गावाचं नाव आणि वेळ लिहा. नुसतं "आत्ताच घडलेलं" असं लिहून पाठवू नका, मागच्या खेपेला तसा आलेला फोटो दोन वर्षांपूर्वीचा निघाला होता.